किरकोळ जखमेतील जंतुसंसर्गाची ओळख : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

त्वचेला झालेली लहान जखम बहुधा आपोआप भरून येते. त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय सर्वत्र आढळते. मात्र चिखलात, गवतात, खाडीच्या पाण्यात व कारखान्यात राबणाऱ्या समाजात हीच जखम गंभीर आजाराचे प्रवेशद्वार ठरू शकते. प्रस्तुत लेखात जखम भरण्याची नैसर्गिक प्रक्रिया व जंतुसंसर्ग यांतील फरक स्पष्ट केला आहे. लाली, सूज, उष्णता व वेदना ही लक्षणे दोन्ही अवस्थांत आढळतात. म्हणून एखादे लक्षण आहे की नाही यापेक्षा ते दिवसागणिक कमी होत आहे की वाढत आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. सावळ्या त्वचेवर लाली ओळखण्यातील अडचण, जखमेवर न दिसणारे धनुर्वात व लेप्टोस्पायरोसिससारखे आजार, तसेच महाविद्यालयातील अध्यापकांची भूमिका यांचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : जखम, जंतुसंसर्ग, दाह, धनुर्वात, सिकलसेल, डहाणू, तलासरी.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत जखमेच्या अवस्थांचे वर्णन करणारी शब्दसंपत्ती मोठी आहे. जखम ठणकते, ठसठसते, चिघळते, पिकते, तिच्यात पू धरतो, तिला खपली धरते आणि शेवटी ती भरून येते. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणाऱ्या दुखऱ्या गाठीला 'अवधाण' असा स्वतंत्र शब्द आहे. पावसाळ्यात सतत ओल्या राहणाऱ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी पडून चिरते, त्याला 'चिखल्या' म्हणतात. हे शब्द शेतात राबणाऱ्या माणसांच्या शेकडो वर्षांच्या निरीक्षणातून तयार झाले आहेत. यातील प्रत्येक शब्द शरीरात घडणाऱ्या एका निश्चित घटनेकडे निर्देश करतो. आधुनिक वैद्यकाने त्या घटनांची कारणे स्पष्ट केली. परंतु हे निरीक्षण व ते शास्त्र यांची सांगड सुशिक्षित वर्गातही पुरेशी घातली गेलेली नाही.

याचे परिणाम दोन टोकांना दिसतात. एकीकडे साध्या खरचटण्यावरही प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतल्या जातात. दुसरीकडे पाय सुजून ताप चढेपर्यंत जखमेकडे पाहिले जात नाही. या दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. जखम नेमकी कोणत्या क्षणी 'साधी' राहत नाही, हे ठाऊक नसणे. तो क्षण सामान्य माणसाला कसा ओळखता येईल, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. परिसर आणि जखमांचे स्वरूप

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. डहाणू व तलासरी हे त्याचे गुजरात सीमेलगतचे तालुके होत. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातील सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी आदी समाज येथे राहतात, तर डहाणूच्या किनाऱ्यावर मांगेला समाजासारखे मच्छीमार समाज आहेत.

येथील जखमांचे स्वरूप ऋतूनुसार व व्यवसायानुसार बदलते. जून-जुलैत भाताच्या लावणीसाठी तासन्‌तास चिखलात उभे राहावे लागते, तेही बहुधा अनवाणी. चिखल्या, काटे, दगडाच्या कपारी व खेकड्यांचे दंश यांनी पायांची त्वचा भंगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी व गवतकापणी सुरू होते आणि विळ्याच्या जखमा प्रामुख्याने डाव्या हाताच्या बोटांना होतात. गवतकापणीचे श्रम या भूमीच्या इतिहासाशी निगडित आहेत. १९४५ च्या वारली उठावात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न केंद्रस्थानी होता. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. तेथे विटा, पत्रे व सळया यांच्या जखमा होतात. सीमेपलीकडील उंबरगाव, सरीगाम व वापी येथील कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांना धातूच्या कडांचा धोका असतो. डहाणूच्या बंदरावर शिंगाळ्याचा काटा किंवा कोळंबीचे टोक बोटात शिरणे हे नित्याचे असते.

या जखमा आकाराने लहान असल्या तरी त्यांत दोन गोष्टी समान आहेत. जखम होते तेथे माती, शेण, साचलेले पाणी किंवा मासळी असते. शिवाय जखम झाल्यावर काम थांबत नाही, कारण दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. म्हणजे अस्वच्छ जखम विश्रांती न मिळता पुन्हा त्याच चिखलात जाते. महाविद्यालयात शिकणारे अनेक विद्यार्थी सुटीच्या दिवशी हीच कामे करतात, ही बाब अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

३. जखम भरण्याची नैसर्गिक प्रक्रिया

संसर्ग ओळखण्यापूर्वी निरोगी जखम कशी दिसते हे जाणणे आवश्यक आहे. त्वचा कापताच रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तबिंबिका एकत्र येतात व काही मिनिटांत रक्त गोठते. त्यानंतर दाहाची अवस्था सुरू होते. जखमेभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव व पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. प्रथम येणाऱ्या पेशी जंतूंना गिळतात, तर दोन-तीन दिवसांत येणाऱ्या भक्षक पेशी मृत पेशींचा कचरा साफ करतात. साधारणतः चौथ्या दिवसापासून नव्या ऊतींची वाढ सुरू होते व ती सुमारे तीन आठवडे चालते. पुढे कित्येक महिने व्रणाची बळकटी वाढत राहते.

म्हणजेच पहिल्या दोन-तीन दिवसांत जखमेच्या कडेला थोडी लाली, थोडी सूज, कोमटपणा व दुखरेपणा असणे हे शरीर काम करीत असल्याचे चिन्ह आहे. जखमेतून पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर द्रव पाझरतो. मराठीत यालाच 'लस' म्हणतात. ती पातळ व वासरहित असते, तिला पू समजू नये. भरत आलेल्या जखमेला खाज सुटते, तीही स्वाभाविक आहे. निरोगी जखमेतील ही सर्व चिन्हे जखमेच्या कडेपुरती मर्यादित राहतात आणि तिसऱ्या दिवसापासून ओसरू लागतात.

४. संसर्गाची स्थानिक लक्षणे

रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणे नोंदविली : लाली, सूज, उष्णता व वेदना. अवयव नीट हलवता न येणे हे पाचवे लक्षण पुढे त्यांत जोडले गेले. भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात सूजेच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. सुश्रुतांची मांडणी या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण तीत लक्षणांची केवळ यादी नसून त्यांचा क्रम आहे. आज काय दिसते याबरोबरच कालपासून काय बदलले, हा प्रश्न त्यात अभिप्रेत आहे.

हाच प्रश्न संसर्ग ओळखण्याची किल्ली होय. त्वचेच्या लहान जखमेतील संसर्ग बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान प्रकट होतो. काही जंतूंच्या बाबतीत तो चोवीस तासांतही दिसतो. त्याची लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) वेदना : निरोगी जखमेचे दुखणे रोज कमी होते. कमी झालेले दुखणे पुन्हा वाढू लागणे, ठणका लागणे, रात्री झोप न येणे हे बहुधा संसर्गाचे पहिले चिन्ह असते.

(आ) सूज : जखमेची कड ओलांडून सूज पसरते, त्वचा ताणली जाऊन चकचकीत होते व दाबल्यास कठीण लागते.

(इ) उष्णता : हाताचा मागील भाग प्रथम जखमेजवळ व नंतर दुसऱ्या बाजूच्या त्याच जागी ठेवल्यास फरक जाणवतो.

(ई) रंग : जखमेभोवतीचा बदललेला रंग दिवसागणिक रुंदावत जातो.

(उ) स्राव : पातळ लसीच्या जागी दाट, गढूळ, पिवळा किंवा हिरवट पू येतो, त्याला दुर्गंध असू शकतो.

(ऊ) भरण्यातील खंड : भरत आलेली जखम पुन्हा उघडते, सहज रक्त येते किंवा दोन आठवडे उलटूनही ती तशीच राहते. अशा वेळी आत काटा, बांबूची शीळ किंवा माशाचा काटा राहिल्याचा संशय घ्यावा. लाकडाची शीळ साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. सुश्रुतांनी पक्व अवस्थेचे वर्णन करताना वेदना शमते असे म्हटले आहे. प्रत्यक्षातही गळू पूर्ण पिकल्यावर कधी कधी ठणका कमी होतो. त्यामुळे दुखणे कमी झाले, परंतु सूज मऊ व डबडबीत लागते, अशी स्थिती असेल तर ती सुधारणा नसून आत पू साठल्याची खूण आहे. तो पू घरी दाबून न काढता वैद्यकीय देखरेखीखाली काढून घ्यावा लागतो.

५. सावळी त्वचा आणि लालीचा प्रश्न

आरोग्यविषयक पुस्तिकांत 'जखमेभोवती लाली दिसल्यास डॉक्टरांकडे जावे' असे वाक्य हमखास आढळते. हे वाक्य मुळात गोऱ्या त्वचेच्या निरीक्षणावर आधारलेले आहे. सावळ्या व काळसर त्वचेत रंगद्रव्याचे प्रमाण अधिक असल्याने रक्तवाहिन्या रुंदावल्या तरी लाल रंग स्पष्ट उमटत नाही. तेथे तो जांभळट, गडद तपकिरी किंवा करडा दिसतो, तर कधी केवळ आसपासच्या त्वचेपेक्षा काळसर भासतो. वैद्यकीय शिक्षणातील या त्रुटीकडे लक्ष वेधण्यासाठी लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने अध्यापकांच्या सहकार्याने २०२० साली 'माइंड द गॅप' ही पुस्तिका सिद्ध केली. तीत विविध आजारांची चिन्हे सावळ्या व काळ्या त्वचेवर कशी दिसतात हे दाखविले आहे.

डहाणू-तलासरी परिसरात या प्रश्नाचे महत्त्व उघड आहे. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या पायावर लाली शोधत बसणारा निरीक्षक संसर्ग एक-दोन दिवस उशिरा ओळखतो. म्हणून येथे डोळ्यांपेक्षा हाताच्या स्पर्शावर व रुग्णाच्या सांगण्यावर अधिक विसंबावे. उजेडात, शक्यतो दिवसाच्या प्रकाशात, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहावे. रंगातील फरक, त्वचेचा चकचकीतपणा, उष्णता, कठीणपणा व दुखरेपणा यांची तुलना करावी. बदललेल्या रंगाची किंवा कठीण सूजेची कड जेथे संपते तेथे साध्या बॉलपेनने रेघ ओढून दिवस व वेळ लिहून ठेवावी. काही तासांनी सूज रेघेच्या पलीकडे गेली असल्यास संसर्ग पसरत आहे, हे सांगण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. ही पद्धत रुग्णालयांतही वापरली जाते.

६. पसरणारा संसर्ग : विलंब न करण्याची स्थिती

त्वचेच्या संसर्गास प्रामुख्याने दोन गटांतील जीवाणू कारणीभूत असतात. स्टॅफिलोकॉकस जातीचे जीवाणू बहुधा एका जागी पू धरवतात. स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जीवाणू पू न धरवता त्वचेखाली वेगाने पसरतात. त्यामुळे 'पू नाही म्हणजे संसर्ग नाही' हा समज चुकीचा ठरतो. पुढील लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी वैद्यकीय उपचार घ्यावेत.

पहिले, जखमेपासून वर जाणारी लाल किंवा काळसर दुखरी रेघ. हा लसीकावाहिन्यांचा दाह होय. दुसरे, अवधाण किंवा काखेतील दुखरी गाठ. जखमेतील जंतू लसीकाग्रंथीपर्यंत पोहोचल्याचे ते लक्षण आहे. तिसरे, ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा त्याहून अधिक ताप अथवा हुडहुडी. चौथे, सांध्यावरील जखमेत सांधा हलविताना तीव्र वेदना. पाचवे, बोटाच्या तळव्याकडील बाजूस झालेल्या जखमेनंतर संपूर्ण बोट सुजून वाकलेले राहणे व सरळ करताना असह्य दुखणे. यात स्नायुबंधाच्या आवरणात पू होऊन बोट कायमचे निकामी होऊ शकते. विळ्याने बोट कापणाऱ्यांच्या व माशाचा काटा टोचणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

याहून गंभीर स्थितीत क्षणाचाही विलंब करू नये. जखम लहान दिसते, पण वेदना तिच्या मानाने फार जास्त आहेत, त्वचा काळीनिळी पडते, पाण्याचे किंवा रक्ताचे फोड येतात, अशा वेळी त्वचेखालील ऊती झपाट्याने सडत असण्याची शक्यता असते. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यातील काही जीवाणू, विशेषतः यकृताचा विकार असलेल्या व्यक्तीत, एका दिवसात ही अवस्था ओढवू शकतात. श्वास जलद होणे, गोंधळल्यासारखे बोलणे, अंग थंड पडणे, लघवी कमी होणे ही संसर्ग रक्तात भिनल्याची व अवयव निकामी होऊ लागल्याची चिन्हे होत. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. या परिसरात डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये व तलासरी येथे ग्रामीण रुग्णालय आहे.

७. जखमेवर न दिसणारे आजार

आतापर्यंतचे विवेचन जखमेच्या निरीक्षणावर आधारित होते. परंतु काही आजार जखमेतून शिरतात आणि जखमेवर कोणतीही खूण ठेवीत नाहीत. तेथे निरीक्षण उपयोगी पडत नाही, प्रतिबंधच करावा लागतो.

धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू माती व शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. टोचून झालेल्या, खोल व हवा न लागणाऱ्या जखमेत ते वाढतात व विष निर्माण करतात. साधारण ३ ते २१ दिवसांनी, म्हणजे अनेकदा जखम भरून आल्यावर, जबडा आखडणे हे पहिले लक्षण दिसते. गंजलेल्या लोखंडानेच धनुर्वात होतो हा समज अपुरा आहे. काटा, बांबू किंवा विळाही तितकाच धोक्याचा असतो. मातृ व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन भारतात झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले, तरी मातीतील बीजाणू नाहीसे झालेले नाहीत. राष्ट्रीय लसीकरणात २०१९ पासून टी.टी.च्या जागी धनुर्वात व घटसर्प या दोहोंपासून संरक्षण देणारी टी.डी. लस देण्यात येत आहे. ती वयाच्या दहाव्या व सोळाव्या वर्षी दिली जाते. प्राथमिक लसीकरण पूर्ण झालेल्या व्यक्तीस स्वच्छ लहान जखमेनंतर मागील मात्रेला दहा वर्षे, तर मातीने माखलेल्या किंवा खोल जखमेनंतर पाच वर्षे उलटली असल्यास पुन्हा मात्रा द्यावी, असे सर्वसाधारण सूत्र आहे. म्हणजे प्रत्येक खरचटण्यानंतर इंजेक्शन घेणे जसे अनावश्यक, तसेच 'लहानपणी घेतले आहे' म्हणून टाळणेही अयोग्य. लसीकरण झालेलेच नसेल, तर खोल जखमेनंतर लसीसोबत तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर व गुराढोरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात व चिरलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर या आजाराची साथ उद्भवली होती. भातखाचरांत उतरणाऱ्यांना हा धोका दर पावसाळ्यात असतो. पाण्याशी संबंध आल्यानंतर साधारण दोन दिवस ते चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास पायाला जखम होती व शेतात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ती एक माहिती निदानाची दिशा बदलू शकते.

कुत्रा, मांजर किंवा माकडाच्या चाव्याने वा ओरखड्याने झालेल्या जखमेत तर लक्षणांची वाट पाहणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण होय, कारण रेबीजची लक्षणे दिसल्यावर उपाय जवळपास उरत नाही. अशी जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस सुरू करावी.

८. विशेष जोखमीच्या व्यक्ती

सर्व शरीरे संसर्गाला सारखा प्रतिकार करीत नाहीत. या परिसराच्या दृष्टीने सिकलसेल आजाराचा प्रथम उल्लेख करावा लागतो. आदिवासी समाजांत आढळणाऱ्या या आनुवंशिक आजारात प्लीहेचे कार्य बालपणीच मंदावते व रक्तातील जंतूंचा नाश करण्याची क्षमता घटते. शिवाय सूक्ष्म रक्तवाहिन्या अडल्यामुळे घोट्याजवळील जखमा दीर्घकाळ भरत नाहीत. सिकलसेलग्रस्त व्यक्तीला जखमेसोबत ताप आल्यास ती तातडीची स्थिती मानावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी करून ओळखपत्रे दिली जातात. ते कार्ड उपचाराच्या वेळी जवळ असणे हिताचे आहे. वाहक व्यक्ती मात्र सामान्यतः निरोगी असते, हेही स्पष्ट केले पाहिजे.

मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीस वेदना हे पहिले लक्षणच जाणवत नाही. अशांनी दररोज रात्री पायाचे तळवे पाहणे आवश्यक आहे. कुपोषित बालके, वृद्ध, गरोदर स्त्रिया, मद्यपानामुळे यकृत बिघडलेले रुग्ण व स्टेरॉइडची औषधे घेणारे यांच्यातही लक्षणे मंद दिसतात व आजार मात्र वेगाने वाढतो.

९. प्राथमिक उपचार व काही प्रचलित समज

संसर्ग टाळण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय स्वस्त आहे. प्रथम स्वतःचे हात धुवावेत. स्वच्छ कापडाने जखम दाबून रक्त थांबवावे. नंतर पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याच्या धारेखाली जखम काही मिनिटे धुवावी व भोवतालची त्वचा साबणाने स्वच्छ करावी. माती व खडे निघून जाणे हे कोणत्याही मलमापेक्षा महत्त्वाचे आहे. त्यानंतर स्वच्छ पट्टी बांधावी व ती ओली किंवा मळकी होताच बदलावी.

जखम उघडी ठेवल्यास लवकर वाळते व बरी होते, हा समज दृढ आहे. परंतु जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगांतून झाकलेल्या व ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा अधिक लवकर येते असे दाखविले. झाकलेली जखम शेतातील मातीपासूनही सुरक्षित राहते. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतल्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. शेण, माती, राख किंवा तंबाखू लावणे धोकादायक आहे. हळद व दगडीपाल्याचा रस लावण्याची प्रथा जुनी आहे. या वनस्पतींवर संशोधन झाले असले, तरी न धुतलेला पाला उघड्या जखमेत चोळल्यास मातीही आत जाते, हे रुग्णाला समजावून सांगावे. परंपरेची अवहेलना न करता 'आधी पाणी, मग बाकी सर्व' एवढा आग्रह धरल्यास तो स्वीकारला जाण्याची शक्यता अधिक असते.

प्रतिजैविके संसर्ग नसलेल्या साध्या जखमेला लागत नाहीत. दुकानातून दोन गोळ्या घेऊन बरे वाटताच थांबण्याच्या सवयीने आजार दबतो व औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर अनुसूची एच-१ अन्वये १ मार्च २०१४ पासून अधिक कडक निर्बंध आले, ते याच कारणाने.

१०. महाविद्यालय व अध्यापकांची भूमिका

समजा, वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने रविवारी घरी भातकापणी करताना बोट कापून घेतले. सोमवारी तो चिंधी बांधून वर्गात येतो. बुधवारी त्याचे लिहिणे मंदावते, गुरुवारी तो गैरहजर राहतो व शनिवारी तापाने फणफणलेल्या अवस्थेत रुग्णालयात नेला जातो. या सहा दिवसांत संसर्ग ओळखण्याची संधी किमान दोनदा अध्यापकासमोर आलेली असते. 'कालच्यापेक्षा जास्त दुखते का?' एवढा एकच प्रश्न बुधवारी विचारला गेला असता, तर साध्या उपचारांवर भागले असते.

यादृष्टीने काही गोष्टी सहज शक्य आहेत. महाविद्यालयातील प्रथमोपचार पेटीत साबण, निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी, तापमापक व एक पेन असावे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याच्या शेवटच्या टी.डी. मात्रेची व त्याची तयारी असल्यास सिकलसेल तपासणीची नोंद घ्यावी. ती गोपनीय ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांत श्रमदानापूर्वी पादत्राणे व हातमोजे यांची व्यवस्था पाहावी आणि शिबिरातील प्रत्येक जखमेची तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करावी. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांतर्गत चालणाऱ्या आश्रमशाळा व वसतिगृहांच्या अधीक्षकांपर्यंतही ही माहिती पोहोचविता येईल. विद्यार्थी स्वतः वारली किंवा अन्य मातृभाषेत घरच्यांना ही लक्षणे सांगू शकतो. ते काम कोणत्याही छापील पत्रकाहून प्रभावी ठरते.

११. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, किरकोळ जखमेतील जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी वैद्यकीय पदवीची आवश्यकता नाही, नियमित निरीक्षणाची आवश्यकता आहे. निरोगी जखम प्रत्येक दिवशी आदल्या दिवसापेक्षा शांत होत जाते. जी जखम तिसऱ्या दिवसानंतर अधिक दुखते, अधिक तापते किंवा आपली कड ओलांडते, ती साधी राहिलेली नाही. लाली दिसण्याची वाट येथे पाहता येत नाही, म्हणून स्पर्श, दोन्ही बाजूंची तुलना व पेनाची रेघ यांचा आधार घ्यावा. धनुर्वात व रेबीजच्या बाबतीत तर लक्षणांचीच वाट पाहू नये. डहाणू-तलासरीतील श्रमिकाला जखम टाळणे नेहमीच शक्य होईल असे नाही, कारण त्याचे पोट त्याच विळ्यावर व त्याच चिखलावर अवलंबून आहे. मात्र ती जखम धुणे, झाकणे व तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे एवढे निश्चितच शक्य आहे. जखम पाहणारा पहिला सुशिक्षित माणूस अनेकदा शिक्षक असतो, त्यामुळे या ज्ञानाच्या प्रसाराची जबाबदारीही काही अंशी त्याच्याकडे येते.